रेडिओवरील उच्चार-वर्णमाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्फा, ब्राव्हो, चार्ली या क्रमाने येणारी शब्दमाला बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेली असते. बिनतारी संचावर प्रत्यक्ष बोलण्याची वेळ आली, की मात्र तिच्याविषयी अनेक शंका मनात येतात. नवशिके चालक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

उच्चार-वर्णमाला म्हणजे नेमके काय?

रोमन लिपीतील प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द असतो आणि त्या शब्दाचे आद्याक्षर तेच अक्षर असते. एखादे नाव, हाकसंकेत (केंद्राची ओळख सांगणारी ठरलेली अक्षरे, म्हणजे ‘कॉल साइन’) किंवा सांकेतिक क्रमांक एकेक अक्षर करून कळवायचा असेल, तेव्हा अक्षराच्या नावाऐवजी हा शब्द उच्चारतात. ‘टायटॅनिक’ जहाजाचा हाकसंकेत एमजीवाय असा होता. तो मोर्स संकेतांत पाठवला जात असे, पण आज कोणी तो तोंडी कळवायचा ठरवला, तर ‘माइक गॉल्फ यँकी’ असे म्हणेल.

इंग्रजीत या मालेला ‘फोनेटिक अल्फाबेट’ म्हणण्याची सवय असली, तरी भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते नाव चुकीचे आहे. भाषाशास्त्रातील ध्वनिलिपी उच्चार कागदावर उतरवण्यासाठी असते. ही माला याच्या नेमकी उलट दिशेने काम करते, कारण ती कागदावरचे अक्षर आवाजातून पलीकडे पोहोचवते.

अक्षराचे नाव सरळ उच्चारले तर काय बिघडते?

इंग्रजी अक्षरांची नावे मुळातच एकमेकांना फार जवळची आहेत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी आणि व्ही या सर्वांचा शेवट दीर्घ ‘ई’ने होतो. ए, जे आणि के यांचा शेवट सारखा आहे, आय आणि वाय यांचाही तसाच. स्वर समान असला, की भेद दाखवण्याचे सगळे काम सुरुवातीच्या व्यंजनावर येऊन पडते, आणि व्यंजन हाच आवाजाचा सर्वांत आखूड व सर्वांत दुबळा भाग असतो. स्वर लांबवता येतो, मोठ्याने उच्चारता येतो. ‘प’ किंवा ‘ट’चा स्फोट मात्र क्षणार्धात होऊन जातो आणि तेवढ्यात खरखर आली, तर ऐकणाऱ्याच्या हाती केवळ ‘ई’ उरते.

दुसरे कारण यंत्राचे आहे. पारंपरिक दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रता वाहून नेतो, आणि लघुलहरींवरील आवाजाचा पट्टा बहुधा याहूनही अरुंद असतो. ‘स’ आणि ‘फ’ यांसारख्या घर्षणाने निर्माण होणाऱ्या ध्वनींची ओळख पटवणारी ऊर्जा बऱ्याच अंशी या मर्यादेच्या वर असल्यामुळे ती कापली जाते आणि ‘एस’ व ‘एफ’ जवळजवळ एकच ऐकू येतात. ‘एम’ आणि ‘एन’ यांची गोष्ट तर संच उत्तम असतानाही सुटत नाही. माझ्या नोंदवहीत या दोन अक्षरांच्या गफलतीमुळे चुकलेले हाकसंकेत अजूनही खोडलेल्या स्थितीत आहेत.

या अडचणीचा अनुभव घ्यायला संचाची गरज नाही. कोणाला तरी बंद दारापलीकडे उभे करून की, खी, गी, घी, ती, थी ही अक्षरे उलटसुलट क्रमाने सांगावीत आणि त्याने काय लिहून घेतले ते पाहावे.

संपूर्ण माला कोणती आणि तिचे उच्चार कसे करावेत?

आज जगभर वापरली जाणारी माला अशी आहे: ए – अल्फा, बी – ब्राव्हो, सी – चार्ली, डी – डेल्टा, ई – एको, एफ – फॉक्सट्रॉट, जी – गॉल्फ, एच – होटेल, आय – इंडिया, जे – ज्युलिएट, के – कीलो, एल – लीमा, एम – माइक, एन – नोव्हेंबर, ओ – ऑस्कर, पी – पपा, क्यू – केबेक, आर – रोमिओ, एस – सिएरा, टी – टँगो, यू – युनिफॉर्म, व्ही – व्हिक्टर, डब्ल्यू – व्हिस्की, एक्स – एक्स-रे, वाय – यँकी, झेड – झुलू.

काही उच्चारांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ‘पपा’मधील आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, म्हणजे ‘प-पा’. आपण वडिलांना हाक मारताना पहिल्या अक्षरावर जो जोर देतो, तो येथे नको. ‘होटेल’ आणि ‘केबेक’ या शब्दांतही जोर शेवटी येतो. क्यूसाठीच्या शब्दाचा उच्चार ‘क्वेबेक’ असा करण्याचा मोह होतो, पण ठरलेला उच्चार ‘के’ने सुरू होतो. ‘एको’चा ‘इको’ होऊ देऊ नये. चार्लीला ‘शार्ली’ आणि युनिफॉर्मला ‘ऊनिफॉर्म’ म्हणण्याची मुभा अधिकृत तक्त्यातच दिलेली आहे.

मराठी भाषकांना एक चिंता असते, की आपण इंग्रजी व्ही आणि डब्ल्यू यांच्या उच्चारांत काटेकोर फरक करत नाही. या मालेत त्याने काही बिघडत नाही, कारण ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ यांच्यातील फरक पहिल्या व्यंजनावर अवलंबून ठेवलेलाच नाही. तो शब्दाच्या उरलेल्या भागात आहे.

अधिकृत तक्त्यात अल्फा आणि ज्युलिएट यांचे स्पेलिंग चुकलेले आहे का?

नाही, ते जाणूनबुजून तसे ठेवले आहे. अल्फामध्ये नेहमीच्या पी-एच या जोडीऐवजी एफ लिहिले जाते, कारण पी-एच म्हणजे ‘फ’ हा नियम सर्व भाषांत नाही आणि तो न जाणणारा वाचक त्याचा ‘अल्पा’ करील. ज्युलिएटच्या शेवटी दोन टी आहेत, कारण फ्रेंच वाचक शब्दाच्या शेवटचा एकटा टी उच्चारत नाही.

हे शब्द कोणी आणि कसे निवडले?

दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत इंग्रजी भाषकांना सोयीची असलेली जुनी माला चालू होती आणि लॅटिन अमेरिकेत वेगळी माला वापरली जात होती. एकच वैमानिक एका दिवसात दोन्हींच्या हद्दीत उतरू शकत असल्यामुळे समान मालेची गरज भासली. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने हे काम हाती घेतले आणि माँट्रिआल विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाँ-पॉल विने यांची मदत घेतली.

निवडीच्या अटी पाहिल्या, की काम किती अवघड होते ते कळते. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत वापरातला असावा. तिन्हींत त्याचे लेखन सारखे असावे आणि आद्याक्षर तेच असावे. कोणतीही मातृभाषा असलेल्या वैमानिकाला तो उच्चारता व ओळखता यावा. रेडिओवर तो स्पष्ट उमटावा. आणि त्याला कोणताही अभद्र किंवा आक्षेपार्ह अर्थ चिकटलेला नसावा.

या अटींतून तयार झालेली पहिली माला १ नोव्हेंबर १९५१ रोजी नागरी विमानवाहतुकीसाठी स्वीकारली गेली. तिच्यात सीसाठी कोका, एमसाठी मेट्रो, एनसाठी नेक्टर, यूसाठी युनियन आणि एक्ससाठी एक्स्ट्रा असे शब्द होते. प्रत्यक्ष वापरात लवकरच तक्रारी सुरू झाल्या. नेक्टर आणि व्हिक्टर, तसेच डेल्टा आणि एक्स्ट्रा या जोड्या गोंगाटात एकमेकींत मिसळत, आणि कंटाळून काही वैमानिक जुन्या मालेकडे परतले. त्यानंतर ३१ राष्ट्रीयत्वांच्या भाषकांवर चाचण्या झाल्या, वरील पाच शब्द बदलले गेले आणि १ मार्च १९५६ पासून आजची माला अमलात आली.

या चाचण्यांतील एक निष्कर्ष मला सर्वांत उद्बोधक वाटतो. एफसाठी ‘फुटबॉल’ हा शब्द सुटा ऐकवला, तर तो ‘फॉक्सट्रॉट’पेक्षा अधिक वेळा बरोबर ओळखला जात असे, पण सलग संदेशात, इतर शब्दांच्या सोबतीने, फॉक्सट्रॉट सरस ठरला. शब्द एकेकटा चांगला असून भागत नाही, त्याला उरलेल्या पंचवीस शब्दांपासून वेगळे राहता आले पाहिजे.

मग वेळेवर सुचेल तो शब्द वापरला तर चालणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर बाकीची बरीच उत्तरे आपोआप मिळतात. ठरलेली माला ऐकणारा मनुष्य प्रत्येक शब्द नव्याने समजून घेत नसतो. येणारा शब्द सव्वीसांपैकी एक आहे हे त्याला आधीच ठाऊक असते आणि कोणता, एवढेच त्याला ठरवायचे असते. त्यामुळे अर्धा शब्द खरखरीत बुडाला, तरी काम अडत नाही. नुसते ‘…व्हेंबर’ ऐकू आले, तरी ते एनच असणार. ‘…टेल’ म्हणजे एच. ‘…फॉर्म’ म्हणजे यू. सुरुवातीचे व्यंजन, म्हणजे ज्याच्यामुळे अक्षराचे नाव दगा देते तोच भाग, हरवला तरी उरलेल्या तुकड्यावरून ते अक्षर परत मिळवता येते.

आता आपण एनसाठी ऐनवेळी ‘नंबर’ म्हणालो आणि त्याचा पहिला भाग बुडाला, तर ऐकणाऱ्याकडे ‘…म्बर’ उरते, आणि त्याची निवड सव्वीस शब्दांतून नसून संपूर्ण शब्दकोशातून असते. तो ‘टिंबर’ समजेल, ‘चेंबर’ समजेल किंवा ठरलेल्या मालेतला ‘नोव्हेंबर’ समजेल. यांपैकी शेवटचा अंदाज निव्वळ नशिबाने बरोबर ठरेल. शिवाय अनपेक्षित शब्द आला, की ऐकणारा क्षणभर थबकतो आणि तेवढ्यात पुढचे अक्षर निसटते.

घाईत सुचलेले शब्द आणखी एका कारणाने फसवे असतात. बीसाठी ‘बिन’ आणि पीसाठी ‘पिन’ असे शब्द निवडले, की मूळची गफलत शब्दात तशीच उतरते. मूक अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द तर दिशाभूलच करतात. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘नॉलेज’चे स्पेलिंग असल्याने तो केसाठी तो शब्द उच्चारतो आणि ऐकणारा निमूटपणे एन लिहून घेतो.

हौशी चालक मग ‘जपान’, ‘जर्मनी’, ‘रेडिओ’, ‘शुगर’ असे शब्द का वापरतात?

हौशी बिनतारी क्षेत्रात हे शब्द सर्रास ऐकू येतात, हे खरे आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत मान्य झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मालेत ॲमस्टरडॅम, बाल्टिमोर, मादागास्कर, सँटिआगो अशी मुख्यतः स्थलनामे होती. १९३२ मध्ये तिच्यात काही बदल झाले आणि तिची छाया हौशी चालकांच्या बोलण्यावर आजही टिकून आहे. दूरच्या दुर्मीळ केंद्राला एकाच वेळी शेकडो जण हाक मारत असतात, तेव्हा लांब स्वरांची ही स्थलनामे कधी कधी गर्दीतून वर येतात.

माझे मत असे, की पहिली हाक नेहमी प्रमाण मालेतच द्यावी. समोरचा एकाच अक्षरावर वारंवार अडत असेल, तरच त्या अक्षरासाठी दुसरा प्रचलित शब्द वापरून पाहावा. गमतीदार वाक्य तयार होईल असे शब्द जुळवून हाकसंकेत सांगण्याची खोड मित्रमंडळींत खपते. परक्या भाषेच्या चालकाला मात्र ती त्रासदायक होते.

‘एबल, बेकर’ आणि ‘ॲक, बीअर’ या माला कोणत्या?

पहिल्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश संदेशवाहक सर्व अक्षरांना शब्द लावत नसत. घोटाळा करणाऱ्या मोजक्या अक्षरांनाच वेगळी नावे होती. ए म्हणजे ॲक, बी म्हणजे बीअर, डी म्हणजे डॉन, एम म्हणजे एमा, पी म्हणजे पिप, एस म्हणजे एसेस, टी म्हणजे टॉक आणि व्ही म्हणजे व्हिक. विमानविरोधी तोफांना ‘ॲक-ॲक’ म्हणतात ते यावरूनच. ‘एबल, बेकर, चार्ली, डॉग’ ही माला अमेरिकेच्या भूदल व नौदलाने १९४१ मध्ये संयुक्तपणे स्वीकारली आणि युद्धकाळात ब्रिटिश सैन्यानेही ती घेतली. आजच्या मालेत तिच्यातील चार्ली, माइक, व्हिक्टर आणि एक्स-रे हे चार शब्द उरले आहेत.

हिला ‘नाटो वर्णमाला’ का म्हणतात?

नाटोच्या सैन्यांनी ती १९५६ मध्येच स्वीकारली आणि लष्करी वापरामुळे हे नाव लोकांच्या तोंडी बसले, एवढेच. तिची निर्मिती नागरी विमानवाहतुकीसाठी झाली. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने आणि १९६५ च्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेद्वारे सागरी क्षेत्रानेही तीच माला घेतली. जहाजांवरील संकेतध्वजांनाही हीच नावे आहेत. ऑस्कर ध्वज उभारला, की माणूस समुद्रात पडला आहे असे समजतात, आणि अल्फा ध्वज पाणबुड्या खाली उतरलेला असल्याची सूचना देतो.

अंक कसे उच्चारावेत?

विमानवाहतुकीत बहुतेक संख्या एकेक अंक सुटा करून सांगतात. दिशा २७० असेल, तर ‘टू सेव्हन झीरो’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांच्यातील घोटाळा त्यामुळे मुळातच टळतो. काही अंकांचे उच्चारही मुद्दाम वाकवलेले आहेत. तीनला ‘ट्री’ म्हणतात, कारण इंग्रजी ‘थ्री’चा पहिला ध्वनी जगातील अनेक भाषांत नाही. चारला ‘फोवर’ असे दोन अक्षरांत लांबवतात. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांचा स्वर एकच असल्याने ते गोंगाटात एकमेकांसारखे वाटतात, म्हणून पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नायनर’ म्हणतात. ‘नाइन’ हा उच्चार जर्मन भाषेतील नकारासारखा ऐकू येतो, हा ‘नायनर’चा आणखी एक फायदा.

सागरी वापरासाठी नाडाझीरो, ऊनावन, बिसोटू, टेराथ्री, कार्टेफोर, पँटाफाइव्ह, सोक्सीसिक्स, सेटेसेव्हन, ऑक्टोएट, नोव्हेनाइन अशी आणखी एक अंकमाला कागदोपत्री आहे. लॅटिन-ग्रीक वळणाचा शब्द आणि इंग्रजी अंक यांची सांगड घालण्याची कल्पना चतुर असली, तरी प्रत्यक्षात ती क्वचितच कानी पडते.

प्रमाण शब्द टाळावा लागतो, असे कधी होते का?

होते, पण अपवादाने. डेल्टा याच नावाच्या विमान कंपनीची उड्डाणे ज्या विमानतळावर सतत ये-जा करतात, तेथे डी अक्षराच्या मार्गिकेला (धावपट्टीकडे जाण्या-येण्याच्या विमानांच्या रस्त्याला) ‘डेल्टा’ म्हटले तर हाक विमानाला आहे की मार्गिकेचे नाव घेतले आहे हे कळेनासे होते. अटलांटामध्ये या अक्षरासाठी ‘डिक्सी’ हा शब्द वापरात होता तो याच कारणाने. मलय भाषेत ‘लीमा’ म्हणजे पाच, त्यामुळे त्या भाषेच्या प्रदेशात एलसाठी ‘लंडन’ ऐकू येऊ शकते.

इतर भाषांच्या स्वतःच्या माला आहेत का? मराठी वर्णांची का नाही?

अनेक भाषांच्या आहेत. इटालियन लोक शहरांची नावे वापरतात. जर्मन मालेला एक काळा इतिहास आहे. तिच्यात व्यक्तिनामे होती आणि १९३४ मध्ये नाझी राजवटीने त्यांतील ज्यू नावे वगळून डेव्हिडच्या जागी डोरा, नाथानच्या जागी नॉर्डपोल, सॅम्युएलच्या जागी सीगफ्रीड असे शब्द घातले. युद्धानंतर सॅम्युएल परत आला, पण नॉर्डपोल तसाच राहिला. अखेर २०२२ मध्ये जर्मन मानकाने व्यक्तिनामे सोडून आखेन, बर्लिन, केम्नित्झ अशी शहरांची माला स्वीकारली.

देवनागरीची अडचण मात्र वेगळी आहे. शब्दाच्या आद्याक्षराने वर्ण ओळखायचा, या तत्त्वावर संपूर्ण माला उभी आहे. पण मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरूच होत नाहीत. अंकलिपीने यावर कधीच तोड काढली आहे. ‘ग गणपतीचा’ म्हणताना पहिले अक्षर धरायचे, आणि ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ म्हणताना शेवटचे. जपानी भाषेत काहीशी अशीच युक्ती आहे. तेथे ‘असाही’तला ‘अ’ अशी सुरुवात होते आणि शब्दारंभी न येणाऱ्या ‘न्’साठी ‘ओशिमाई’, म्हणजे ‘समाप्ती’चा ‘न्’ असे सांगतात. त्या शब्दात तो ध्वनी नाहीच. मालेच्या शेवटी येणारे अक्षर, एवढाच त्याचा संकेत. मराठीसाठी माला बनवायचीच झाली, तर खरी कसोटी क-ख, त-थ, प-फ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्यांची आणि ऱ्हस्व-दीर्घाची लागेल, असे मला वाटते.

‘रॉजर’ आणि ‘मेडे’ हे शब्द या मालेतले आहेत का?

आजच्या मालेतले नाहीत. मोर्स संकेतांत ‘संदेश मिळाला’ हे सांगण्यासाठी ‘आर’ हे अक्षर पाठवत आणि एबल-बेकर मालेत आर म्हणजे रॉजर. पुढे आरचा रोमिओ झाला, पण पोचपावतीचा रॉजर टिकला. रॉजर म्हणजे होकार नव्हे, केवळ ‘ऐकले’. सांगितलेले करतो असे म्हणायचे असेल, तर ‘विल्को’ म्हणतात. ‘मेडे’ हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून सुचवला, असे मानले जाते. जिवावरच्या संकटातच तो वापरायचा असतो. ‘झुलू टाइम’ मात्र खरोखर याच मालेतून आला आहे: शून्य रेखांशाच्या कालपट्ट्याचे अक्षर झेड, म्हणून जागतिक प्रमाणवेळेला झुलू.

सराव कसा करावा?

सव्वीस शब्दांचे क्रमाने पाठांतर एका संध्याकाळी होते, पण त्याचा उपयोग थोडाच, कारण संदेशात अक्षरे क्रमाने येत नाहीत. रस्त्यावरील वाहनांच्या पाट्या मनातल्या मनात वाचणे हा सर्वांत सोपा सराव आहे. उलट्या दिशेचा सराव, म्हणजे दुसऱ्याने शब्द म्हणायचे आणि आपण थेट अक्षरे लिहायची, याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि संचावर बसल्यावर हात तेथेच अडखळतो. प्रत्यक्ष संदेशात आधी पूर्ण शब्द सांगावा, मग ‘आय स्पेल’ म्हणून अक्षरे द्यावीत आणि समोरच्याकडून ती परत वाचून घ्यावीत. वेग लिहिणाऱ्या हाताचा असावा, बोलणाऱ्या जिभेचा नव्हे.

डिजिटल संचांवर आवाज स्वच्छ येतो, मग ही माला कालबाह्य झाली नाही का?

डिजिटल संचात खरखर नसते, पण आवाज अत्यंत कमी माहितीत कोंबून पाठवलेला असतो आणि त्या दाबात घर्षणाचे व स्फोटाचे ध्वनी आणखी पुसट होतात. संकेत क्षीण झाला, की जुन्या संचावर आवाज हळूहळू गोंगाटात बुडत असे. डिजिटल संचावर त्याचे तुकडे पडतात आणि मधले एखादे अक्षर पूर्णपणे नाहीसे होते. एका अक्षरी नावाचे काहीच उरत नाही, दोन-तीन अक्षरी शब्दाचा एखादा तुकडा तरी पोहोचतो. आजच्या मालेत गॉल्फ आणि माइक हे दोनच शब्द इंग्रजी उच्चाराप्रमाणे एका अक्षरात (सिलॅबलमध्ये) संपतात. त्यामुळे तुटक येणाऱ्या संचावर निदान हे दोन शब्द तरी दोनदा उच्चारावेत.